वडिलांचेच नाव, काम मात्र स्वतःचे

कोल्हापुरात काय किंवा उभ्या महाराष्ट्रात काय, वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत मुलाच्या नावामागे चालते. परंतु वडिलांचेच नाव मुलाला ठेवण्याची रीत आपल्याकडे नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, आणि सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही म्हणून त्या मुलाला घरात बाळ किंवा आप्पा म्हणत. करवीरच्या गादीवरही शिवाजी, शहाजी, राजाराम ही नावे पिढ्या सोडून परत आली. खाशाबा दादासाहेब जाधव असे पूर्ण नाव घेतले की १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणाऱ्या मल्लाबरोबर त्याचे पैलवान वडीलही आठवतात, आणि तरीही दोघांची गल्लत होत नाही.

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, मात्र बापलेकांचे नाव अनेकदा अक्षरशः एकच असते आणि मुलाच्या नावापुढे ‘ज्युनिअर’ लागते. अशा मुलाला वेगळी ओळख केवळ कामानेच मिळवावी लागते, म्हणून या माणसांची चरित्रे मला विशेष मोलाची वाटतात.

त्यांत पहिले नाव ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचे. वडील बोस्टनचे डॉक्टर आणि लोकप्रिय कवी. बाळंतज्वर अनेकदा डॉक्टर व परिचारिकांमार्फत एका बाळंतिणीकडून दुसरीकडे पसरतो, असे त्यांनी १८४३ मध्ये ठामपणे मांडले आणि त्यासाठी नामांकित प्रसूतितज्ज्ञांचा विरोध सोसला. मुलगा यादवी युद्धात तीन वेळा जखमी झाला. अँटिएटमच्या लढाईनंतर त्याच्या शोधात वडील स्वतः निघाले होते. पुढे तो कायद्याकडे वळला आणि १९०२ ते १९३२ सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिला. बेकरी कामगारांच्या कामाचे तास मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा १९०५ मध्ये बहुमताने रद्द झाला, तेव्हा होम्स यांनी नोंदवलेले विरोधी मत आजही अभ्यासले जाते. मात्र याच न्यायमूर्तींनी १९२७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरवला. ज्या घरात बाळंतिणींचे प्राण वाचावेत म्हणून एवढा वाद झाला, त्याच घरातल्या माणसाने हा निकाल लिहावा, याचे मला फार दुःख होते.

व्हिएन्नाच्या योहान स्ट्राउस यांना आपल्या मुलाने संगीतात येऊच नये असे वाटत होते. त्याने बँकेत नोकरी करावी अशी त्यांची इच्छा होती. मुलाने चोरून व्हायोलिन शिकले आणि १८४४ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद घेऊन तो लोकांसमोर आला. वडील १८४९ मध्ये वारल्यावर दोन्ही वाद्यवृंद एक झाले, आणि वॉल्ट्झ हे नृत्यसंगीत म्हटले की आज जगाला आठवतो तो मुलगाच.

मार्टिन ल्यूथर किंग यांची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे नाव मागाहून आले. १९२९ मध्ये अटलांटात जन्मलेल्या या मुलाचे नाव वडिलांप्रमाणेच मायकल होते. वडील धर्मोपदेशक होते. १९३४ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले आणि तेथील धर्मसुधारकाचे नाव त्यांनी स्वतःला व मुलालाही घेतले. पेशाही एकच राहिला, कारण १९६० पासून दोघे एबेनेझर चर्चमध्ये एकत्र उपदेशक होते. तथापि मुलाने चर्चच्या व्यासपीठावरून मिळालेली वाणी रस्त्यावरच्या अहिंसक लढ्याला दिली. गांधीजींचा देश पाहायला ते १९५९ मध्ये भारतात आले, १९६४ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले आणि १९६८ मध्ये मेंफिसला त्यांची हत्या झाली. वडील त्यानंतर १९८४ पर्यंत जगले. नाव देणाऱ्या बापाला ते नाव मुलाच्या समाधीवर वाचावे लागले, याहून मोठे ओझे मला कल्पिता येत नाही.

बिल गेट्स यांचेही पूर्ण नाव विल्यम हेन्री गेट्स, आणि तेच सिॲटलमध्ये वकिली करणाऱ्या त्यांच्या वडिलांचे. मुलगा संगणकाच्या धंद्यात गेला आणि १९७५ मध्ये त्याने मायक्रोसॉफ्टची सह-स्थापना केली. पुढे १९९४ मध्ये त्याने दानधर्मासाठी विल्यम एच. गेट्स फाउंडेशन सुरू केले, तेव्हा या संस्थेचा कारभार वडिलांनी हाती घेतला आणि उतारवयात मुलाने उभारलेल्या कार्यात ते अनेक वर्षे राबले.