कॅस्टेलारीचं ब्रॉन्क्स

शनिवार, रात्री उशिरा

आज पुन्हा इटालियन दिग्दर्शक एन्झो कॅस्टेलारीचा '१९९०: द ब्रॉन्क्स वॉरियर्स' लावला. न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स हा भाग यात टोळ्यांच्या ताब्यात आहे. १९८२चा सिनेमा. 'मॅड मॅक्स'चा दुसरा भाग, 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' आणि 'द वॉरियर्स' या तिन्हींची उचल उघड दिसते आणि ती लपवायची धडपडही कुणी केलेली नाही. रोममधल्या निर्मात्यांचा धंदाच तसा होता. एखाद्या सिनेमानं गल्ला जमवला की त्याच वळणाचे आणखी काढायचे, थोडक्या पैशात, झटपट. आधी पौराणिक पहिलवान झाले, मग वेस्टर्न, मग पोलिसपट. ८०च्या सुरुवातीला पाळी आली जगबुडीची.

नदीकाठचा प्रसंग आला तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. दोन टोळ्या समोरासमोर येतात. इकडे नायक ट्रॅश आणि त्याची पोरं, मोटारसायकलींना पुढे कवट्या लावलेल्या. तिकडे ओगर, म्हणजे फ्रेड विल्यमसन, राजासारखा रुबाबदार. आणि तिथेच उघड्यावर एक माणूस अख्खा ड्रमसेट मांडून वाजवत बसलाय. तो कोण, कुठला, कुणीच सांगत नाही. टोळ्या जमतात, कॅमेरा त्याच्याकडे जातो, पुन्हा तोंडांवर येतो, आणि ठेका सुरूच. मोठ्या स्टुडिओत पटकथेच्या बैठकीत हा माणूस पहिल्याच दिवशी कापला गेला असता. इथे तो राहिला, आणि त्याच्यामुळे त्या भेटीला जी धार आली ती संवादांनी येणं शक्य नव्हतं.

व्हिक मॉरो यात हॅमर नावाचा निर्दय पोलिस आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसऱ्या एका चित्रीकरणात हेलिकॉप्टर कोसळून तो गेला. त्याचं काम पाहताना ते मनातून जात नाही.

रविवार

रात्री झोप लागेपर्यंत डोक्यात त्या इमारतीच होत्या. आतली दृश्यं रोममध्ये चित्रित झाली, पण बाहेरची खरीखुरी ब्रॉन्क्समध्ये. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं, काळवंडलेल्या भिंती, विटांचे ढीग. कला-दिग्दर्शकाला त्यातलं फारसं काही उभारावंच लागलं नाही.

१९७०च्या दशकात साउथ ब्रॉन्क्स वर्षानुवर्षं जळत होतं. त्याआधी न्यूयॉर्कचे रस्ते-पूल आखणारा बडा अधिकारी रॉबर्ट मोझेस याचा क्रॉस-ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे हा महामार्ग वस्त्यांच्या मधोमध घातला गेला आणि हजारो कुटुंबं उठली. मग भाड्यातून काही सुटेना म्हणून काही मालकांनी विम्यासाठी आपल्याच इमारती पेटवून दिल्या, आणि नेमकं तेव्हाच पैसे नाहीत म्हणून महापालिकेनं अग्निशमन केंद्रं बंद केली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत जनगणनेच्या ७ विभागांतल्या ९७ टक्क्यांहून जास्त इमारती आगीत किंवा ओसाड पडून गेल्या. १९७७च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष कार्टर शार्लट स्ट्रीटवर येऊन ते पाहून गेले. पाच वर्षांनी कॅस्टेलारी कॅमेरा घेऊन पोचला.

हे माहीत झाल्यापासून तो सिनेमा मला नुसता मारामारीचा वाटत नाही. कवट्या नकली आहेत, रोलर स्केट्सवरची टोळी नकली आहे, पण मागची भिंत खरी आहे आणि तिच्या आत कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं. सिनेमा म्हणतो हे १९९० आहे, भविष्य आहे. प्रत्यक्षात ते कालचंच होतं.

आता यात दुसऱ्याच्या दुर्दैवाचा फुकट नेपथ्यासारखा वापर झाला का? झाला. 'फोर्ट अपाची, द ब्रॉन्क्स' या अमेरिकन सिनेमाविरुद्ध १९८१मध्ये तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले होते. आम्हाला नुसते गुन्हेगार म्हणून दाखवता, असं त्यांचं म्हणणं होतं. ते म्हणणं कॅस्टेलारीच्या पहिल्या सिनेमालाही लागू पडतं. त्यात टोळ्या आहेत, घरं नाहीत.

म्हणूनच मला त्याचा दुसरा भाग, १९८३चा 'एस्केप फ्रॉम द ब्रॉन्क्स', जास्त मोलाचा वाटतो. यात एक बांधकाम कंपनी आहे. तिला ब्रॉन्क्स सपाट करून नवं चकचकीत शहर उभारायचंय. रहिवाशांना सांगितलं जातं की तुम्हाला न्यू मेक्सिकोत छान घरं देतोय. जे हलत नाहीत त्यांच्यावर चंदेरी पोशाखातली माणसं आगीचे फवारे मारत जातात, आणि भोंग्यावरून एकच हुकूम येत राहतो: ब्रॉन्क्स सोडा, ब्रॉन्क्स सोडा. ट्रॅशचे म्हातारे आईबाप त्यातच जळून मरतात. टोळीवाल्या ट्रॅशला आईबाप आहेत, त्यांचं घर आहे, हे पहिल्या भागाला सुचलंच नव्हतं.

अमेरिकेत हा सिनेमा बऱ्याच जणांना माहीत आहे तो वाईट सिनेमांची टर उडवणाऱ्या एका टीव्ही कार्यक्रमामुळे, आणि त्यात सगळ्यात जास्त हशा मिळवला तो या भोंग्यानंच. मला ते खटकतं. संवाद ढोबळ आहेत, डबिंग ओठांना जुळत नाही, सगळं कबूल. पण आधी आग, मग रिकामी जमीन, मग बिल्डर, हा क्रम त्या सिनेमानं अचूक पकडलाय, आणि तोही दीड तास बंदुका चालवायला निघालेल्या माणसांनी.

मंगळवार

आज 'द न्यू बार्बेरियन्स', तोही १९८३चा, तोही कॅस्टेलारीचाच. इथे ब्रॉन्क्सही नाही. अणुयुद्धानंतरचं अख्खं जग रोमजवळच्या दगडखाणींत उरकलंय. प्लास्टिकचे तुकडे चिकटवलेल्या गाड्या, पांढऱ्या कपड्यातली टेम्प्लार नावाची टोळी, स्फोटक बाण सोडणारा फ्रेड विल्यमसन, क्लॉडिओ सिमोनेत्तीचा सिंथेसायझर. मला यात आवडतात ते स्टंटमन. गाडी उलटते, माणूस हवेत फेकला जातो, आणि कॅस्टेलारी ती पडझड स्लो मोशनमध्ये इतकी लांबवतो की पाठ जमिनीला टेकताना उडालेली धूळही दिसते. गाडी कितीही खोटी असो, ते पडणं खरं आहे.

याच लाटेतल्या सर्जिओ मार्टिनोच्या '२०१९: आफ्टर द फॉल ऑफ न्यूयॉर्क'मधल्या छोट्या प्रतिकृतींबद्दल लिहायचं होतं, पण आज राहू दे. त्यापेक्षा लुचिओ फुल्ची या दुसऱ्या इटालियन दिग्दर्शकाबद्दल. १९८४च्या त्याच्या सिनेमात २०७२ सालच्या रोममध्ये टीव्ही कंपनी प्रेक्षक खेचण्यासाठी कैद्यांना ग्लॅडिएटर म्हणून मोटारसायकलींवर झुंजायला लावते. दिग्दर्शक जो दामातो याच्या 'एंडगेम'मध्येही माणसाची शिकार टीव्हीवरच चालते. इटलीत १९७६च्या न्यायालयीन निकालानंतर खासगी वाहिन्या उगवल्या, १९८०मध्ये कनाले ५ आली, आणि थिएटरं रिकामी व्हायला लागली. या सिनेमावाल्यांची रोजीरोटी टीव्ही खात होता, आणि त्यांनी उद्याचा राक्षस म्हणून त्यालाच उभा केला. समीक्षकांनी तेव्हा हे सिनेमे नकला म्हणून मोडीत काढले. ब्रॉन्क्सच्या विटा आणि रोमचा राग, या दोन गोष्टी मला तरी कुठल्याही मूळ सिनेमात सापडलेल्या नाहीत.