आप्पांचं पथ्यपाणी

म्हातारं कुत्रं घरात आणलं की लोक तुम्हाला परस्पर संतपद देऊन टाकतात. ‘केवढं मोठं मन तुमचं!’ असं सोसायटीच्या लिफ्टमध्ये ऐकवतात. खरं कारण आळस आहे, हे मी सुरुवातीला प्रामाणिकपणे सांगायचे. विनय समजून त्यांनी माझं पद आणखी वाढवलं, तेव्हा सांगणं सोडून दिलं.

पण आळसच. पिल्लू म्हणजे चपला गेल्या, सोफ्याचे पाय गेले, रात्रीची झोप गेली आणि शी-शू कुठे करायची याची शिकवणी घरी लागली. म्हाताऱ्या कुत्र्याचं हे सगळं कुणाच्या तरी घरी आधीच होऊन गेलेलं असतं. ते येतं, घरातली गार फरशी कुठली ते शोधतं आणि झोपतं. पन्नाशीच्या जोडप्याला आणि अठ्ठ्याहत्तरीच्या सासूबाईंना यापेक्षा सोयीचा प्राणी मिळणार नाही, असा माझा दावा होता.

आप्पा एका उद्यानाच्या फाटकाला बांधलेले सापडले होते. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मुलींनी त्यांना सोडवून आणलं. नव्वदच्या दशकात पुण्यात घरोघरी असायचं तसं पांढरं, टोकदार तोंडाचं कुत्रं. आपण सगळे त्याला पॉमेरेनियन म्हणतो, पण असतं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ. दातांवरून डॉक्टरबाईंनी अकरा ते तेरा असं वय काढलं. आधीचं नाव काय होतं कोण जाणे. टॉमीपासून मोतीपर्यंत सगळ्या नावांनी हाक मारून पाहिली, त्यांनी कान हलवला नाही. ‘पेन्शन उशिरा आल्यासारखा चेहरा आहे याचा,’ असं म्हणून सासूबाईंनीच आप्पा हे नाव ठेवलं, आणि त्याच दिवसापासून घरात ‘आप्पा जेवले का?’, ‘आप्पांना खाली नेलंत का?’ सुरू झालं. तिसऱ्या मजल्यावर खरेखुरे आप्पा राहतात. जिन्यात मोठ्यानं हाक मारायची आता पंचाईत होते.

आळसाचा हिशोब चुकवला तो खोकल्यानं. घशात तांदळाचा दाणा अडकावा तसा कोरडा खोकला, आणि शेवटी खाकरल्यासारखा आवाज. काहीतरी गिळलं असणार, असं सगळ्यांचं मत. डॉक्टरबाईंनी मात्र घसा पाहून झाल्यावर छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांच्या मध्ये एक झडप असते. खालचा कप्पा आवळला की तिनं घट्ट मिटायचं आणि रक्त पुढे जाऊ द्यायचं. लहान चणीच्या कुत्र्यांत उतारवयात ही झडप जाड आणि गाठाळ होते. नीट मिटत नाही, थोडं रक्त प्रत्येक ठोक्याला उलटं वर येतं, आणि त्याची खरखर नळीतून ऐकू येते. तिच्या सहा पायऱ्या असतात, आप्पांची चौथी निघाली. मग एक्स-रे, मग टू-डी इको. वरचा कप्पा फुगून श्वासनळीच्या फांदीला रेटत होता, म्हणून खोकला.

या आजाराला बरं करणारी गोळी नाही, पण लांबवणारी आहे. पिमोबेंडान. हृदय मोठं झालंय पण अजून थकलेलं नाही, अशा ३६० कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ही गोळी मिळालेल्या कुत्र्यांत हृदय थकायची वेळ सरासरी पंधरा महिन्यांनी पुढे गेली. पंधरा महिने म्हणजे आपल्याकडे एका बदलीचा काळ किंवा एका नळाच्या तक्रारीचा. कुत्र्याच्या आयुष्यातला तो चांगला दहावा हिस्सा.

गोळी सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतरानं आणि जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी. म्हणजे सकाळी सातला गोळी, आठला जेवण. रविवारीही. आमच्या घरात रविवारी सात वाजता उठलेला माणूस याआधी कुणी पाहिला नव्हता. पुढे फुप्फुसात पाणी साठू लागलं, तेव्हा लघवीची गोळी आली, तिच्यामागून रक्तदाबाची. त्या दोन्ही सासूबाईंच्या डब्यात आधीपासूनच होत्या. ओट्यावर दोन डबे शेजारी-शेजारी ठेवायला लागल्यावर मी एकावर लाल अक्षरात ‘आप्पा’ लिहिलं. लघवीच्या गोळीमुळे दोघांनाही रात्री उठावं लागतं. सासूबाई आपल्या आपण जातात, आप्पांसोबत लिफ्टनं खाली जावं लागतं. पाण्याचं भांडं कधी रिकामं ठेवायचं नाही आणि मूत्रपिंडासाठी मधूनमधून रक्त तपासायचं, हे त्याच गोळीचं उपकलम.

मीठ दोघांचंही कमी झालं. इतकी वर्षं ‘तुम्ही खा, माझ्या नशिबी अळणी’ असं ताटावर ऐकायला मिळायचं, ते बंद झालं, कारण आता पंगतीला सोबत होती. भात, उकडलेलं चिकन, लाल भोपळा; मीठ नाही, कांदा-लसूण तर कुत्र्याला एरवीही विषच. लोणचं, पापड, फरसाण यांच्या बरण्या वरच्या फळीवर गेल्या. आप्पांचा हात तिथे पोचत नाही, सासूबाईंचा पोचतो, पण त्या विषयात मी शिरत नाही.

सगळ्यांत मजेचं औषध नंतर आलं. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला होता, त्यासाठी सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा. होय, तेच. मुळात ते हृदयाच्या दुखण्यासाठीच शोधायला घेतलं होतं, प्रसिद्धी भलत्याच गुणासाठी मिळाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली, तर तो मुलगा एकदा चिठ्ठीकडे आणि एकदा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, ‘काकू, कोणासाठी?’ मी सवयीनं म्हणाले, ‘आप्पांसाठी.’ मागे रांगेत आमच्याच सोसायटीतले दोघं होते. तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा आठवडाभर लोकांच्या कौतुकानं चकित होते म्हणे.

गळपट्टा गेला, कारण तो श्वासनळीवर दाबतो आणि खोकल्याला निमित्त मिळतं. छातीभोवतीचा हार्नेस आला. दारावरची घंटा काढली, कारण ती वाजली की आप्पा उत्तेजित होऊन भुंकायचे आणि भुंकून भुंकून कलंडायचे. आता येणारा माणूस फोन करतो. कुरियरवाले सोडले तर कुणाचं अडलेलं नाही, आणि विमावाले यायचे थांबले हा वरचा फायदा.

या सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र फुकटचं आहे. झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मोजायचे. छाती वर जाऊन खाली आली की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं. गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या आत पाहिजेत. सलग वाढायला लागले, तर खोकल्याची वाट न बघता फोन करायचा, कारण फुप्फुसात पाणी येतंय हे श्वास खोकल्याच्या आधी सांगतो. स्वप्नात पाय हलत असतील तेव्हाचा आकडा धरायचा नाही. फ्रिजवर कागद लावलाय, त्यावर तीन हस्ताक्षरं आहेत. नवऱ्याचा आकडा नेहमी माझ्यापेक्षा दोननं कमी येतो. तो आशावादी आहे की मोजताना त्यालाच डुलकी लागते, यावर घरात मतभेद आहेत. दूधवाल्याचे लिटर यानं कधी लिहून ठेवले नाहीत.

‘पण अजून किती दिवस?’ असं विचारणारे भेटतात. त्यांना वाटतं, आम्ही रोज उरलेले दिवस मोजत बसतो. तेवढा वेळ नसतो हो. सातची गोळी, आठचं जेवण, ऊन चढायच्या आत एक फेरी, आणि त्या फेरीत प्रत्येक स्कूटरच्या चाकाचा वास घेणं आप्पांना आवश्यक वाटतं. त्यांनी आपल्या दुखण्याचं काही मनावर घेतल्याचं दिसत नाही. मासेवाली खाली आली की उठून गॅलरीत जातात, पूर्वीच्या घरी ही ओळख झाली असावी.

परवाच्या तपासणीत रक्त ठीक निघालं, वजन मात्र पाव किलोनं उतरलं होतं. हृदयाच्या आजारात अंगावरचं मांस झडतं, ते चांगलं नाही. ‘भूक लागेल तसं खाऊ घाला, वजन अजिबात कमी होऊ देऊ नका,’ असं डॉक्टरबाईंनी बजावलं. घरी आल्यावर मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्यानं लगेच विचारलं, त्या कुठल्या डॉक्टर, माणसांना तपासतात का?