आप्पिया रस्त्यावरचे कबुतरखाने: जाणाऱ्यांसाठी

"गुलामांच्या कबरी दाखवतो" म्हणत रोममध्ये एकाने आमच्याकडून माणशी ४५ युरो घेतले आणि नेलं कुठे, तर कॅटाकोम्बमध्ये! वर सांगितलं, गुलामांना इथे चोरून पुरत. साफ खोटं. कॅटाकोम्ब म्हणजे मुख्यतः ख्रिस्ती लोकांची नंतरच्या काळातली भुयारी दफनभूमी. पहिल्या शतकातल्या गुलामांची आणि मुक्त झालेल्यांची राख सापडते ती कोलुंबारियममध्ये. शब्दाचा अर्थच कबुतरखाना. भिंतभर कोनाडे, कोनाड्यात राखेची मडकी, खाली नावाची छोटी पाटी.

चिडून आम्ही पायीच परत निघालो, ती दुसरी चूक. कॅटाकोम्बपासून रोमच्या जुन्या तटाच्या सान सेबास्तियानो वेशीपर्यंत आप्पिया या प्राचीन रस्त्याला पदपथच नाही. दोन्ही बाजूंना उंच भिंती, आणि गाड्या अंगाला घासून जातात. प्रत्येक गाडीला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागलं. पाय शाबूत असले तरी हा टप्पा चालू नका, ११८ नंबरची बस घ्या.

आधी नोंदणी करून दोन दिवसांनी पोम्पोनियुस हिलास या रोमन माणसाच्या नावाचा कोलुंबारियम पाहिला आणि सगळा राग उतरला. नोंदणीशिवाय दार उघडत नाही. वेशीच्या आत, शिपिओनी बागेत आहे. जिना अरुंद आणि उभा. समोरच शिंपल्यांच्या किनारीत मोझाइकची पाटी आहे, हिलास आणि त्याची बायको पोम्पोनिया व्हितालिस यांच्या नावाची. तिच्या नावावर एकच अक्षर आहे, 'व्ही'. म्हणजे 'जिवंत आहे'. नवरा गेला तेव्हा तिने स्वतःची जागाही राखून ठेवली. नावापुढे 'मुक्त केलेली' असंही लिहून घेतलं, लपवलं नाही.

हे समजायला आधी कापितोलिनी संग्रहालयातल्या पाट्या बघाच. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याची बायको लिव्हिया हिच्या नोकरवर्गाचा कोलुंबारियम १७२६ मध्ये सापडला, त्यातल्या बऱ्याच पाट्या या संग्रहालयात आहेत. केस विंचरणारी, लोकर तोलून देणारी, मोती जडवणारा: नावाशेजारी काम. गुलामाला एकच नाव. सुटल्यावर पुढे मालकाचं पहिलं नाव आणि कुळनाव लागायचं. बाईला स्वतःचं पहिलं नाव नसे, म्हणून लिव्हियाचे मुक्त गुलाम तिच्या वडिलांच्या नावाने 'मार्कुस लिव्हियुस' झाले. रक्ताचं नातं नाही, पण एका घरात राबले म्हणून एका भिंतीत.

अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी काहींची चक्क भिशी असे. लानुव्हियम गावच्या १३६ सालच्या लेखात नियम कोरलेत: प्रवेशाला १०० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि मडकंभर चांगली दारू, मग दरमहा ५ आस (सेस्टर्सहून छोटी नाणी). गुलाम मेला आणि मालकाने आडमुठेपणाने मढं दिलं नाही, तर भिशीवाले त्याच्या प्रतिमेची अंत्ययात्रा काढत! आम्ही ती ओळ दोनदा वाचली.

बाकी सहलीतलं सगळं छान झालं. त्याबद्दल इतरत्र भरपूर मिळेल. एकच दिवस असेल तर सकाळी कापितोलिनी, दुपारी हिलास. कॅटाकोम्ब गाळा.