एच-फोरवर असताना फूड पॅन्ट्रीत काम : माझा अनुभव

पुण्यातली चालू नोकरी सोडून एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो त्या व्हिसावर, अमेरिकेत न्यू जर्सीला आले. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी त्याच्या कंपनीने केलेला अर्ज, अप्रूव्ह झाल्याशिवाय मला वर्क परमिटसाठी अर्जही करता येत नव्हता, आणि ही वाट पाहणं किती लांबतं ते इथल्या बायकांना वेगळं सांगायला नको. दुपार संपता संपायची नाही. शेजारच्या गुजराती काकू म्हणाल्या, चर्चच्या तळघरात फूड पॅन्ट्री चालते, म्हणजे गरजू लोकांना फुकट किराणा देतात, तिथे चल माझ्याबरोबर.

पहिली शंका व्हिसाची. वकिलाला विचारलं तर म्हणाले, धर्मादाय संस्थेत जे काम एरवीही स्वयंसेवकच करतात ते कुठलाही मोबदला न घेता केलं तर चालतं. मग फॉर्म भरला, छोटं ओरिएंटेशन झालं आणि मंगळवारी बोलावलं, कारण त्या दिवशी फूड बँकेचा ट्रक येतो. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम, तिथून आमच्यासारख्या छोट्या पॅन्ट्र्यांना माल येतो. पहिली फूड बँक १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सला जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली, आता देशभर जाळं आहे.

सुरुवातीला मला डब्यांवर बसवलं. शिवणीवर पोचा आलेला किंवा फुगलेला डबा सरळ फेकायचा. ‘बेस्ट बाय’ची तारीख मात्र चवीची, दर्जाची असते, त्यामुळे ती उलटून गेलेले चांगले डबेही देता येतात, पण बाळांच्या फॉर्म्युलाची तारीख गेली की तो अजिबात द्यायचा नाही. हे कळल्यापासून मी घरीसुद्धा तारीख बघून लगेच वस्तू टाकून देणं बंद केलंय.

मग शनिवारी वाटपाला उभी राहायला लागले आणि खरं सांगते, माझं मन तिथे लागलं. आमच्याकडे भरलेली पिशवी हातात देत नाहीत, लोक दुकानासारखे फिरून स्वतः निवडतात, घरात माणसं किती त्यावर किती घ्यायचं ते ठरतं. मला ही पद्धत फार पटते, कारण ज्या घरात मांस खात नाहीत त्यांना चिकनचे डबे देऊन काय उपयोग. पगाराची स्लिप पण मागत नाहीत, उत्पन्न स्वतः लिहून सही केली की झालं. एक गुजराती बा यायच्या, फॉर्म बघून दारातूनच परत निघाल्या होत्या. मी हिंदीत आणि मोडक्यातोडक्या गुजरातीत समजावलं, शेजारी बसून भरून घेतला. नंतर त्या मला शोधत यायच्या, राजमा आणि छोले कुठल्या शेल्फवर आहेत ते विचारायच्या, माझ्या आईची चौकशी करायच्या. इतक्या महिन्यांत या देशात कोणीतरी माझी वाट बघतंय असं पहिल्यांदा वाटलं.

डोमिनिकन रिपब्लिकची एक बाई माझ्याबरोबर शिफ्ट करते. तिने काळे बीन्स कसे शिजवायचे ते सांगितलं, आता मी त्याची गोडा मसाला घालून उसळ करते आणि ती माझ्याकडून मसाला नेते. माझं इंग्रजी बोलणंही इथेच सुटलं, ऑफिसातलं इंग्रजी वेगळं आणि म्हाताऱ्या माणसाशी गुडघेदुखीवर बोलायचं इंग्रजी वेगळं.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी शटडाउनमुळे, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामकाज थांबल्यामुळे, ‘स्नॅप’चे म्हणजे सरकारी रेशनमदतीचे पैसे अडकले तेव्हा रांग पार्किंगच्या बाहेर गेली होती. पगार थांबलेले सरकारी कर्मचारी पण होते रांगेत, खाली मान घालून उभे. त्या दिवशी पीनट बटर तर बघता बघता संपलं, आम्ही सगळे उशिरापर्यंत थांबलो, आणि घरी आल्यावर पाय दुखत होते तरी मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं इतकं समाधान वाटत होतं. मी इथे कोणाची तरी बायको म्हणून आले, पण तिथे मला माझ्या नावाने ओळखतात, याची किंमत घरात बसून दिवस काढलेल्या बायकांना कळेल.

कोणाला यायचं असेल तर आधी आपल्या वकिलाला विचारा आणि मग जवळच्या पॅन्ट्रीला फोन करा. शनिवारी मदतीला बरेच जण असतात, ट्रक उतरवायला मात्र हात कमी पडतात, त्यामुळे ट्रकचा वार कोणता ते आधी विचारा.