ऑफिस नंतर, आधी मैदान बघा

ट्रकचं ड्रायव्हिंग स्कूल बघायला गेलेली माणसं बहुतेक वेळा ऑफिसात बसून फी किती, कोर्स किती दिवसांचा, लायसन्स नक्की मिळेल ना, एवढंच विचारून परत येतात. मी ट्रेलर चालवते, त्यामुळे शिकू पाहणारी मुलं-मुली मला विचारायला येतात. त्यांना मी एकच सांगते: बॅच चालू असताना मैदानावर जा, तासभर उभे राहा आणि स्टिअरिंगवर कोण बसलंय ते बघा.

एका गाडीवर चार-पाच शिकाऊ असले की दोन तासांतला जेमतेम अर्धा तास तुमच्या वाट्याला येतो. बाकी वेळ दुसऱ्याचं बघण्यात जातो. बघूनही थोडंफार कळतं, पण क्लच कुठे धरतो हे पायालाच कळावं लागतं. म्हणून दिवस मोजू नका, स्टिअरिंगवरचे तास विचारा आणि लिहून घ्या. त्यातले रिव्हर्सचे किती, रात्रीचे किती, भरलेल्या गाडीवरचे किती, हेही विचारा.

भरलेल्या गाडीचा मी फार आग्रह धरते. रिकामी गाडी हाताला बसली म्हणजे ट्रक आला असं होत नाही. लोड असला की थांबायला जास्त अंतर लागतं, चढावर गियर वेळेआधी उतरवावा लागतो, वळणावर वजन बाहेर ओढतं. लांब उतारावर तर खरा कस लागतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गियर टाकून गाडी इंजिनावर रोखायची असते. सारखा ब्रेक दाबत उतरलात तर लायनर, म्हणजे ब्रेकमधले घासणारे पट्टे, तापतात, आणि ज्या हवेच्या दाबावर ट्रकचे ब्रेक चालतात तिचा काटा भरलेला दिसत असतानाही ब्रेक धरेनासे होतात. हे फक्त फळ्यावर शिकवणाऱ्या शाळेत मी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

हवेचे ब्रेक कसे शिकवतात, तेही बघा. चांगला मास्तर चाकांना ठोकळे लावतो, पार्किंग ब्रेक सोडायला लावतो, इंजिन बंद करून चावी चालू ठेवतो आणि तुम्हालाच पेडल पुन्हा पुन्हा दाबायला सांगतो. काटा खाली येत जातो, साधारण 60-70 पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) बझर वाजतो. हवा आणखी उतरली की चाकाजवळच्या चेंबरमधली स्प्रिंग स्वतःहून ब्रेक आवळते. हे एकदा आपल्या पायाने केलं की रस्त्यात बझर वाजल्यावर काय करायचं ते सांगावं लागत नाही, गाडी आधी बाजूला घेतली जाते.

माझे मास्तर मला केबिनमध्ये बसवून स्वतः गाडीभोवती चालत फिरायचे. ते आरशातून गायब झाले की मी हॉर्न द्यायचा. डाव्या दाराला अगदी चिकटून एक अख्खा माणूस उभा आहे आणि मला त्याचं डोकंसुद्धा दिसत नाही, हे तेव्हा कळलं. वळण घेताना मागची चाकं आत कापतात, आणि नेमकं तिथेच सायकलवाला असू शकतो. असा मास्तर मिळाला तर शाळेची इमारत जुनी आहे की नवी, याचा विचारही करू नका.

ट्रेलरचं रिव्हर्स सुरुवातीला सगळ्यांनाच उलटं वाटतं: स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपटी उजवीकडे जाते. तिथे मास्तर काय करतो ते नीट बघा. पटकन स्टिअरिंग हिसकावून स्वतः गाडी लावून देणाऱ्याकडून काही शिकायला मिळत नाही. थांब, पुढे घे, पुन्हा सुरुवात कर, असं शांतपणे म्हणणारा हवा.

नोकरीची हमी कुणी दिली तर मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी बोलून खात्री करून घ्या. नापास झालात तर पुन्हा सरावाला गाडी मिळते का आणि त्याचे पैसे वेगळे का, हे फी भरण्याआधीच ठरवा. आणि परीक्षा कोणत्या गाडीवर होणार, तेही विचारा. काही देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सही ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं, मग गियरची गाडी चालवायची तर परत परीक्षा द्यावी लागते.