हात दाबला की मशीन थांबतं

आयकॉन काढून पोट भरतं हे आमच्या बडोद्यात अजून कोणाला खरं वाटत नाही. दांडिया बझारात चार माणसांचा स्टुडिओ आहे आमचा, नातेवाईक विचारतात म्हणजे लोगो का, मी हो म्हणून सोडून देते. लोगो नाही. अ‍ॅपमधलं छोटं पाकीट, हॉस्पिटलच्या स्क्रीनवरची खाट, प्रिंटरवरचा अडकलेला कागद, असलं सगळं. नगावर पैसे. आणि निम्मा वेळ नवीन काढण्यात जातच नाही, दुसऱ्यांनी काढून ठेवलेल्या फायली निस्तरण्यात जातो, कारण आयकॉनचा फाँट बनवताना आतल्या आकाराची दिशा बाहेरच्याच्या उलट लागते, ती चुकली की मधलं भोक बुजतं आणि मेदूवड्याचा बटाटावडा होतो. हे कोणी कॉलेजात शिकवत नाही, निदान आमच्या फाइन आर्ट्सला तरी मला कोणी शिकवलं नव्हतं.

तर मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका पाउच पॅकिंग मशीनवाल्यांचं काम आलं. चिवडा, मसाले, शेव असले पाउच भरणारी मशीनं. त्यावरच्या सात इंची टच पॅनलचे चाळीसेक आयकॉन. त्यांच्या मार्केटिंगच्या माणसाचं एकच म्हणणं, मॉडर्न लुक पाहिजे, फोनसारखा. (वर हेही ऐकवून झालं की हे तर आता एआय पाच मिनिटांत करून देतं. मग करून घ्या ना.)

पण ते पॅनल फोन नाही हो. 800 बाय 480 पिक्सेल, रंग 16 बिटचे, आणि त्या पॅनलचं सॉफ्टवेअर चित्र घेतं ते बीएमपी. म्हणजे पारदर्शक कडा वगैरे काही नाही, एकेक पिक्सेल आहे तसा दिसणार. आमची ज्युनियर फिगमा नावाच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुंदर गोलसर सेट काढून मोकळी, तो पॅनलवर टाकला तर प्रत्येक आयकॉनला करडी साय आल्यासारखी. शिवाय 16 बिटमध्ये लाल आणि निळ्याला पाच पाच बिट आणि हिरव्याला सहा, त्यामुळे आपण साधा करडा दिला तरी तो कधी हिरवट दिसतो कधी जांभळट, आणि क्लायंट म्हणतो मॅडम रंग चुकला. मी सगळे करडे पॅनलवरच डोळ्याने बघून निवडले. तिरकी रेघ 30 अंशात काढली तर पायऱ्या वेड्यावाकड्या पडतात, म्हणून दोन पिक्सेल आडवे एक उभा अशी काढायची, ती 26.57 अंशांची होते पण पायरी सारखी पडते. बरोबर मधोमध एक पिक्सेलची रेघ हवी तर आयकॉनची रुंदी विषम पाहिजे, 48 नाही, 47. सुझन केअरनं 1984 च्या मॅकिंटॉशचे आयकॉन 32 बाय 32 च्या चौकटीत बसवले ते आधी ग्राफच्या वहीत चौकोन भरून, आणि मीही शेवटी खालच्या दुकानातून ग्राफची वही आणली. स्टुडिओतले आमचे सर हसले. ज्युनियरला वाटलं मी तिला टोमणा मारतेय. तसं नव्हतं, पण असतं तरी चाललं असतं.

सेट झाल्यावर मी म्हटलं हे ऑपरेटरना दाखवल्याशिवाय द्यायचं नाही. सर म्हणाले रिक्षाचे पैसे बजेटमध्ये नाहीत. मशीनवाल्यांचे इंजिनियर भले निघाले, स्वतःच्या गाडीतून त्यांच्या एका गिऱ्हाइकाकडे घेऊन गेले, वाघोडिया रोडकडचं फरसाणचं युनिट, तिथे त्यांचीच जुनी मशीनं चालू होती. तेलाचा आणि हिंगाचा वास, आणि प्रत्येक पाउचला सील करणारा जबडा मिटल्याचा खट्ट आवाज. मी एकेका कागदावर एकेक आयकॉन मोठा छापून नेला होता, नाव न लिहिता, आणि विचारायचं इतकंच की हे दाबलं तर काय होईल.

उभी रेघ आणि गोल, म्हणजे चालू आणि बंद, उपकरणांवरच्या चिन्हांचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60417, त्यातली 5007 आणि 5008 नंबरची चिन्हं, जगभर चालतात. एक जण म्हणाला मशीन नंबर एक आणि हा शून्य. घर, म्हणजे होम, मुख्य पानावर जायचं, ते दाखवलं तर सगळ्यांचं एकमत, "घरे जवानुं, छुट्टी." थर्मामीटर बरोबर ओळखला. मग हात दाखवला, उघडा पंजा, म्हणजे मॅन्युअल मोड, आयएसओ 7000 या तशाच दुसऱ्या मानकामध्येसुद्धा हाताने चालवायला हातच आहे. एक म्हातारे काका लगेच म्हणाले, "आ तो काँग्रेस छे!" आणि सगळी लाईन हसायला लागली. त्यात चूक काय म्हणा, 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीपासून आपण अक्षर न येणाऱ्या माणसाला चित्र बघून मत द्यायला शिकवलंय, एवढी मोठी आयकॉनची शिकवणी दुसऱ्या कुठल्या देशात झाली असेल. हसून झाल्यावर मात्र उत्तरं एकसारखी आली. बिहारचा मुलगा म्हणाला मशीन रोकने का. पाउचच्या सीलिंगवर बसणाऱ्या एक बेन (गुजरातीत ताई) म्हणाल्या बंध करवानुं. परत विचारलं, तेच.

आता अमेरिकेच्या आन्सी झेड 535.3 या सुरक्षा चिन्हांच्या मानकामध्ये अशा चाचणीचा नियम असा की 85 टक्के लोकांनी बरोबर ओळखलं पाहिजे आणि उलटा, धोकादायक अर्थ लावणारे 5 टक्क्यांच्या वर नकोत. त्या हिशोबाने माझा हात सरळ नापास. मी वहीत फुली मारली आणि पंज्याऐवजी लिव्हर धरलेली मूठ काढायची असं ठरवूनही टाकलं.

बेन म्हणाल्या अहो दाखवते ना. चालू मशीनपाशी गेल्या, पॅनलवर जुना हात होताच, कोपऱ्यात, त्याच्या बाजूच्या फ्रेमवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला, झिजून पुन्हा पुन्हा लावलेला असावा कारण थर दिसत होते. दाबला. मशीन थांबलं. "जोयुं?"

मी इंजिनियरांकडे बघितलं, त्यांनी कपाळाला हात लावला. मॅन्युअल दाबलं की ऑटोचं चक्र तुटतं, म्हणून मशीन थांबणारच, प्रोग्रामच तसा आहे. म्हणजे ही मंडळी चित्र चुकीचं वाचत नव्हती, मशीननेच त्यांना रोज दिवसभर शिकवलं होतं की हात म्हणजे थांब. मग मी विचारलं की स्टॉपचं बटण आहे ना, ते का नाही दाबत. तर स्टॉप होतं मुख्य पानावर. आणि ऑपरेटर असतो कायम तापमानाच्या पानावर, कारण पाउचच्या फिल्मचा रोल बदलला की सील सुटतं आणि दोन अंश वर खाली करत बसावं लागतं. तिथून स्टॉपला जायला दोनदा दाबायचं, हात मात्र खालच्या पट्टीत, सगळ्या पानांवर. बाजूला पिवळ्यावर लाल मशरूमचं इमर्जन्सी बटण होतंच की, पण ते दाबलं की फिरवून सोडवा, रिसेट करा, फिल्मचा आय मार्क, म्हणजे पाउच कुठे कापायचा त्याची छापील खूण, परत जुळवा, तोवर दहाबारा पाउच वाया, आणि वाया गेलेल्या पाउचचा हिशोब सुपरवायझर बेनला विचारतो, इंजिनियरला नाही.

धोका कुठे, तर मॅन्युअलमध्ये मशीन थांबलेलं दिसतं पण मेलेलं नसतं. जॉगचं, म्हणजे मशीन थोडं थोडं पुढे सरकवायचं, बटण जागं असतं, बोट चुकून लागलं तर जबडा मिटतो, तापलेला जबडा. जबड्यापुढचं गार्डचं दार उघडलं तर त्याच्या स्विचने मशीन अडायला हवं, आणि त्या मशीनवर गार्डचा स्विच टेपने बांधून ठेवलेला होता. मी टेपकडे बघतेय हे सुपरवायझरनं बघितलं आणि चहा मागवला. बेननी अडकलेला पाउच दोन बोटांनी ओढून काढला, हात दाबून, रोजच्यासारखा.

परत येताना गाडीत मी म्हटलं आयकॉन बदलून काही होणार नाही, मूठ काढली तरी दोन दिवसांत मूठ म्हणजे थांब होईल, स्टॉप खालच्या पट्टीत आणा, सगळ्या पानांवर. इंजिनियरना पटलं होतं, पण म्हणाले सॉफ्टवेअर फ्रीज झालंय, आता त्यात बदल नाहीत, आणि ते काम दुसऱ्याकडे आहे. सरांना सांगितलं तर सर म्हणाले आपलं काम आयकॉनचं, पानावर काय कुठे ठेवायचं याचे पैसे आपल्याला कोणी दिलेले नाहीत. सरांबद्दल मला आदर आहे, पण नगावर रेट लावला की माणूस नगाच्या बाहेर बघायचं सोडतो, हे मी त्यांना तोंडावर बोलले. मग मी सविस्तर मेल लिहिला, गार्डच्या टेपसकट. मार्केटिंगवाल्याचं उत्तर आलं की आयकॉन छान झालेत, फक्त हात जरा गोरा करता येईल का.

इंजिनियरनी मात्र मागे लागून काम केलं. परवा नव्या मशीनच्या पॅनलचा फोटो पाठवला व्हॉट्सअ‍ॅपवर, स्टॉप खालच्या पट्टीत आलाय, लाल, माझ्या 47 पिक्सेलचा. पण हाताला अगदी चिकटून, मध्ये चार पिक्सेलसुद्धा नाहीत, आणि ते पॅनल तेलकट हातमोज्यांनी दाबतात. मी लिहिलं मध्ये एका बटणाएवढी जागा सोडा. म्हणाले पट्टीत जागाच नाही. मी म्हटलं मग होम काढा, घरी जायला बटण कशाला लागतंय. आता ते होम काढायला मार्केटिंगची परवानगी लागते म्हणे.