काविळीची माळ आणि एक खिळा

आठवडी बाजारात दुपार कलली की गर्दी पातळ होते आणि झाडपाला विकणाऱ्या बाईच्या पथारीकडे नीट लक्ष जातं. मुळ्या, साली, बिया, आणि एका कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली झाकलेल्या काविळीच्या माळा. ते ओलं फडकं पाहून थांबावं. सगळी गंमत त्यातच आहे.

पहिल्या दिवशी माळ जेमतेम डोक्यावर टेकेल एवढी असते. मग ती गळ्यात उतरते, छातीवर येते, आणखी खाली जाते. माळ वाढेल तशी कावीळ उतरेल, असं सांगतात. त्यातलं काही खोटं नाही. माळ खरंच वाढते आणि कावीळही बहुधा खरंच उतरते. घोळ आहे तो या दोन गोष्टी एकमेकींना बांधण्यात.

पुनर्नवेच्या किंवा तशाच रसरशीत झाडाच्या काड्यांचे लहान तुकडे करतात. मण्यांसारखा त्यांच्या आरपार दोरा जात नाही; प्रत्येक तुकड्याभोवती फास टाकून तो आवळतात. काडी वाळली की आकसते, फास सैल होतो आणि सुटलेला दोरा लांबीत जातो. हिशेब करून बघा. समजा काडी 4 मिलिमीटर जाड आहे. तिच्याभोवतीच्या एका वेढ्याला साधारण 12.5 मिलिमीटर दोरा लागतो. वाळून ती 3 मिलिमीटर झाली तर 9.5 पुरतो. तुकड्यामागे 3 मिलिमीटर सुटले, म्हणजे 100 तुकड्यांच्या माळेत 30 सेंटीमीटर. दोन वेढे असतील तर दुप्पट. बाईने फडकं काढून ठेवलं तर पथारीचीसुद्धा कावीळ उतरायला लागेल.

चुन्याच्या निवळीत हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवतात, त्याचंही तेच. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लागलेला असतो. निवळीशी गाठ पडली की पाणी पिवळं, मग हात निरोगी माणसाचे का असेनात.

नीट विचार कसा करावा हे शिकवणारे, विचाराचे घटक आणि कसोट्या यांचे तक्ते हल्ली बरेच दिसतात. अमेरिकेत रिचर्ड पॉल आणि लिंडा एल्डर यांनी 8 घटक मांडले: हेतू, प्रश्न, माहिती, अनुमान, संकल्पना, गृहीतक, परिणाम, दृष्टिकोन. वर स्पष्टता, अचूकता, नेमकेपणा वगैरे कसोट्या. तक्ता चांगला आहे, पण भिंतीवर लावला की सगळी कलमं सारख्याच वजनाची वाटतात. तशी ती नसतात. इथे प्रश्न स्पष्ट आहे, निरीक्षण अचूक आहे, बुडतं ते गृहीतकात. माळ वाढते ती रुग्णाच्या अंगातल्या बदलामुळे, हे कोणी बोलूनच दाखवलेलं नसतं, मग तपासणार कोण?

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, ही जागा फार आधी हेरली होती. धूर दिसतो म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमान चालतं. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चालत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या: अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपणही लागतं. अशा चोरपावलांनी शिरलेल्या अटीला ते उपाधी म्हणत, आणि अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त उपाधीचं उदाहरण म्हणून हे ओलं सरपणच दिलं आहे. तिथे ओलं सरपण, इथे ओली काडी!

ही उपाधी पकडायला एक खिळा पुरतो. एकाच जुडीतल्या काड्यांच्या, एकाच हाताने बांधलेल्या दोन माळा घ्याव्यात. एक रुग्णाला, दुसरी सावलीत खिळ्याला. रोज ठरल्या वेळी मोजावं, पण लोंबत्या स्थितीत नाही. स्वतःच्या वजनानेही माळ ताणली जाते, म्हणून दोन्ही पाटावर पसरून मोजायच्या. अंगाच्या उबेने रुग्णाची माळ जरा लवकर वाळेल. ती शंका नको असेल तर तिसरी माळ घरातल्या धडधाकट माणसाच्या गळ्यात घालावी.

"आमच्याकडे दहा जण बरे झाले" हे वाक्य कानावर आलं की कागदावर चार चौकोन आखावेसे वाटतात. माळ घातली, बरा झाला. घातली, नाही झाला. नाही घातली, तरी झाला. नाही घातली, नाही झाला. ऐकायला मिळतो तो फक्त पहिला. हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंमुळे होणाऱ्या यकृताच्या आजारांची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपली आपण उतरते, म्हणजे तिसरा चौकोनही भरगच्च असणार. पण न घातलेल्या माळेची गोष्ट कोण सांगत बसतो? आणि दुसऱ्या चौकोनातल्यांबद्दल "उशिरा आले" असं म्हणून विषय संपवतात.

त्या दुसऱ्या चौकोनात पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकलेले असतात. लघवी गडद, शौचाला मातकट पांढरं, अंगाला खाज. गाठीची कावीळ वाट पाहून जात नाही; माळ मात्र ठरल्याप्रमाणे वाढत राहते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर 20 ते 25 टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावू शकतात. तिथे मोजायचं ते रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य आणि रक्त गोठायला लागणारा वेळ. गुंगी यायला लागली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

मात्र खिळा सगळ्यांसाठी हवा. आपोआप उतरणाऱ्या दुखण्यात श्रेय शेजारी उभ्या असलेल्या कोणालाही मिळतं: उसाच्या रसाला, ग्लुकोजच्या पावडरीला, यकृताच्या टॉनिकला. माळेला हसणारी शिकलेली माणसं टॉनिकच्या बाटलीला हाच प्रश्न विचारत नाहीत. बाटलीला छापील लेबल असतं, दुसरं काय!

आणि हळद. रंग पिवळा, म्हणून काविळीत हळद बंद. डोळ्यांतला पिवळेपणा बिलिरुबिनचा. हळदीशी त्याचं नातं रंगापुरतं. हे पाठ असलेल्या घरातही रुग्णासाठी बिनहळदीचं वरण वेगळं लावलं जातं. लावू दे. वरण जरा पांढरंफटक दिसतं, एवढंच.